आप्त म्हणजे कोण?

आमच्या घरात ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. आजोबांची सांगलीत हळदीची अडत पेढी होती आणि साठा हरिपूरच्या पेवांत असे. सौद्याच्या वेळी ते पोत्यातून एक हळकुंड उचलत, दोन्ही अंगठ्यांत धरून कानाजवळ कडकन मोडत, आतला रंग उजेडाकडे करून बघत, तुकडा दाताखाली धरत आणि भाव बोलत. या सगळ्याला अर्धा मिनिटही लागत नसे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एकदा धीर करून विचारलं, “आजोबा, हा माल ओला आहे हे कशावरून?” ते म्हणाले, “मोडून बघ.” मी मोडलं. आवाज आला, पण त्यातला ओलेपणा काही मला ऐकू आला नाही.

पुढे मी तत्त्वज्ञान शिकवायला लागलो, म्हणजे पगार घेऊन ‘कशावरून?’ विचारायला लागलो. पेढी वडिलांनी आणि धाकट्या काकांनी चालवली. आजोबा १९८१ साली गेले. तेराव्यानंतर आठवडाभरात दिग्रजकडचा एक म्हातारा शेतकरी पेढीवर आला आणि म्हणाला, “दादांकडे माझे पंधराशे राहिलेत.” वही काढली. कीर्द पाहिली, खतावणी पाहिली. नोंद कुठेच नव्हती. वडिलांनी गल्ल्यातून पंधराशे रुपये मोजून त्याच्या हातात दिले. काका रात्री जेवताना एवढंच म्हणाले, “कशावरून दिलेस?” वडील म्हणाले, “तो म्हणाला म्हणून.” तीन वर्षांनी वाटण्या झाल्या. नातेवाइकांना विचाराल तर भांडण गोदामावरून झालं असं सांगतील. मला मात्र ते त्या रात्रीच्या ताटावर सुरू झालेलं आठवतं.

कुटुंबाचा धंदा आणि ज्ञानाची चिकित्सा या दोन विषयांवरचे लेख एकत्र छापायचे आहेत, प्रस्तावना लिहाल का, असं संपादकांनी विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो ते याच कारणानं. विषय ऐकणाऱ्याला हा सांधा ओढूनताणून जुळवलेला वाटेल. धंद्याचं शास्त्र वाणिज्य शाखेत शिकवतात, प्रमाणशास्त्र कला शाखेत, आणि मधल्या जिन्यावर दोघांची गाठ क्वचितच पडते. पण मराठीत एक शब्द आहे तो या दोन्ही खोल्यांत सारख्याच हक्कानं वावरतो. तो शब्द म्हणजे आप्त. लग्नपत्रिकेत तो नातेवाइकाला लागतो. न्यायशास्त्रात तो अशा माणसाला लागतो, ज्याचं बोलणं हेच ज्ञानाचं साधन मानता येतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्दप्रमाणाची व्याख्याच आप्ताच्या उपदेशावर उभी आहे. वात्स्यायन भाष्यात आप्ताच्या अटी सांगतो: त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळलेली असावी आणि जशी कळली तशीच सांगायची त्याची इच्छा असावी. मग तो जे जोडतो ते आमच्या पेढीवर कुणाला पटलं नसतं. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे, असं तो म्हणतो. रक्ताचा, कुळाचा, गावाचा काही संबंध नाही. मराठीनं तोच शब्द उचलला आणि सरळ भाऊबंदांना देऊन टाकला. जो आपला तो खरं सांगणारा, हे गृहीत त्या शब्दातच मुरलं. कुटुंबाचा धंदा या गृहीतावर उभा राहतो, आणि पुष्कळदा याच गृहीतावर आपटतो.

नवख्या वाचकासाठी ज्ञानाच्या बाजूचा नकाशा थोडक्यात मांडतो. आपण एखादी गोष्ट कशाच्या जोरावर जाणतो, याची मोजदाद भारतीय दर्शनांनी वेगवेगळी केली. चार्वाकानं फक्त प्रत्यक्ष मानलं. बौद्धांनी आणि वैशेषिकांनी त्यात अनुमान घातलं, सांख्यांनी शब्द, नैयायिकांनी उपमान. मीमांसकांपैकी प्रभाकराचे अनुयायी पाचावर थांबले, कुमारिलाचे सहापर्यंत गेले. ही यादी पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, पण धंद्याच्या दृष्टीनं खरी गंमत पुढच्या वादात आहे. झालेलं ज्ञान खरं आहे, हे कशानं ठरतं? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. खोटं ठरेपर्यंत ते खरंच धरायचं. नैयायिक म्हणतात, नाही, खरेपणा बाहेरून सिद्ध व्हावा लागतो. पाण्याकडे गेलो, ओंजळ भरली, तहान भागली, मग ते पाणी. माझ्या मते कोणतीही जुनी पेढी घरात मीमांसक असते आणि बाजारात नैयायिक. वडील भावानं सांगितलं तर ते खरं, उलट काही निघेपर्यंत. परक्यानं सांगितलं तर आधी माल दाखव. घोळ होतो तो घरातला एखादा माणूस घरातच नैयायिकासारखा वागू लागला की. काकांचं तेच झालं, आणि त्यात त्यांची चूक होती असं मला आज म्हणवत नाही.

पश्चिमेकडे हा प्रश्न प्लेटोच्या ‘थिएटिटस’पासून सुरू होतो: खरं मत आणि ज्ञान यांत फरक काय? ‘मेनो’ या संवादात त्यानं लारिसाच्या वाटेचं उदाहरण दिलं आहे. वाट ठाऊक नसलेला, पण अंदाज बरोबर असलेला माणूसही तिथे पोहोचतोच. मग जाणणाऱ्याचं जास्तीचं काय? १९६३ साली एडमंड गेटियर यांनी जेमतेम तीन पानांच्या लेखात दाखवलं की मत खरं आहे, त्याला कारणही आहे, तरी ते ज्ञान म्हणवत नाही, अशी प्रकरणं असतात. आमच्याकडे बाराव्या शतकात श्रीहर्षानं ‘खण्डनखण्डखाद्या’त याच जातीचं उदाहरण घेतलं होतं. मुठीत कवड्या धरल्या आहेत, समोरचा ‘पाच’ म्हणतो आणि निघतातही पाच. त्याला कळलं होतं का? हे वाचताना मला जुन्या बाजारातले रुमालाखालचे सौदे आठवतात. दोघांचे हात फडक्याखाली, बोटं दाबून भाव सांगायचा आणि बघणाऱ्यांनी चेहऱ्यावरून अंदाज करायचा. सलग तीन हंगाम भाव बरोबर ओळखणाऱ्याला बाजार जाणता म्हणतो. चौथ्या हंगामात तो बुडला की तोच बाजार त्याला सटोडिया म्हणतो. दोन्ही वेळा मूठ तीच.

यापुढचा पाश्चात्त्य धागा भराभर सांगतो, कारण तो पुस्तकातच चांगला आला आहे. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली ‘अमुक आहे हे जाणणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांत भेद केला. मायकेल पोलान्यी यांनी अबोल ज्ञानाची कल्पना मांडली, म्हणजे सांगता येतं त्याहून जास्त आपल्याला ठाऊक असतं. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर काहील कधी उतरवायची हे पाण्यात पाकाची गोळी करून ठरवणाऱ्या गुळव्याला त्यासाठी पोलान्यी वाचावा लागत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यातून मिळणाऱ्या ज्ञानाकडे तिकडच्या तत्त्वज्ञांचं नीट लक्ष फार उशिरा गेलं, सी. ए. जे. कोडी यांचं पुस्तक १९९२ चं. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली त्याची दुसरी बाजू दाखवली. कुणाचं सांगणं त्याच्या जातीमुळे, वर्णामुळे, स्त्री असल्यामुळे कमी धरलं जातं तेव्हा त्या माणसावर जाणकार म्हणूनच अन्याय होतो. याकडे पुढे परत यायचं आहे.

धंदा आणि सत्य यांची गाठ एकाच माणसाच्या आयुष्यात बघायची तर जौनपूरच्या बनारसीदासाकडे जावं. हा १५८६ साली जन्मलेला जैन जवाहिऱ्याचा मुलगा. जास्त शिकणं हे ब्राह्मण-भाटांचं काम, वाण्याच्या पोरानं दुकानात बसावं, असं वडीलधारे त्याला बजावत. तो शिकत राहिला. चौदा वर्षांचा असताना त्यानं हजारेक पद्यांचं शृंगारकाव्य रचलं. पुढे एक दिवस गोमतीच्या पुलावर मित्रांना ते वाचून दाखवत असताना त्याच्या मनात आलं, एक खोटं बोलणाऱ्याला पाप लागतं, इथे तर सगळी पोथीच खोट्यानं भरलेली. त्यानं ती नदीत टाकली. नंतर बापानं जवाहीर, तूप, तेल, कापड देऊन त्याला आग्र्याला विकायला पाठवलं. त्यानं काही जवाहीर हरवलं, काही तोट्यात विकलं. खिशात पैसे नाहीत अशा अवस्थेत एका कचोरीवाल्यानं त्याला कित्येक महिने उधारीवर खाऊ घातलं. हे सगळं तो ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात १६४१ साली अगदी मोकळेपणानं सांगतो. स्वतःचे गुण आणि दोष वहीतल्या जमा-नावेसारखे वेगळे मांडून दाखवतो. त्याच माणसानं कुंदकुंदाच्या ‘समयसारा’वर आधारलेलं ‘समयसार नाटक’ लिहिलं. कुंदकुंदाच्या विचारात दोन दृष्टी आहेत. अंतिम सत्याची ती निश्चयनय, रोजच्या जगण्याची ती व्यवहारनय. आता ‘व्यवहार’ हा शब्द मराठी कानानं ऐका. तो देण्याघेण्यालाही आहे, शहाणपणालाही आहे, आणि धर्मशास्त्रात तर कोर्टातल्या दाव्याला व्यवहार म्हणतात. एका शब्दात एवढा संसार मावतो याचं मला नवल वाटतं. तसंच ‘निकष’ आणि ‘कसोटी’चं. आपण हे शब्द संशोधनपद्धतीच्या व्याख्यानात वापरतो. दोन्ही मुळात सराफाच्या दुकानातला सोनं घासून बघायचा काळा दगड.

व्यापाऱ्याचं ज्ञान घराबाहेर न्यायचं तर त्याला कागद लागतो. शहाजोग हुंडी हे याचं सुंदर उदाहरण. तिचे पैसे कुणालाही मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शहा’लाच मिळत. कागद खरा की खोटा हे कागदावरून नव्हे, तो घेऊन येणाऱ्या माणसावरून ठरे. हुंडी हरवली तर ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’ अशी दुसरी-तिसरी प्रत निघे. इंग्रजी कायद्याला हे माणूस बघून चालणारं सत्य पचनी पडेना. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ३४ आलं: धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद विचारात घेता येईल, पण तेवढ्यावरून कुणावर देणं लादता येणार नाही. मालकाच्या वहीनं मालकाचीच साक्ष द्यायची, हे पुरेसं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही ही तरतूद तशीच आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं हवाला प्रकरणात याच कलमावर बोट ठेवलं. सुटे कागद म्हणजे वही नव्हे, आणि वहीतल्या नोंदीलाही दुजोरा हवा. प्रमाणशास्त्राचा तास घ्यायचा तर मी विद्यार्थ्यांना हा निकाल आधी वाचायला देईन आणि गेटियर नंतर.

आणि मग खुद्द ज्ञान कुणाच्या मालकीचं? या प्रश्नावर आपल्याकडे कायदा झाला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आजच्या बसवकल्याणला, चालुक्यांच्या राजधानीत, विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ लिहिली. तिनं एकत्र कुटुंबाचं आपल्या भागातलं व्याकरण ठरवलं: जन्मानं हक्क, कर्ता, वाटणी. त्या परंपरेत विद्याधन वेगळं काढलेलं आहे. वडिलार्जित पैशाला धक्का न लावता मिळवलेल्या विद्येची कमाई ज्याची त्याची. पण शिक्षणाचा खर्च घरानं केला असेल तर? १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलनं निवाडा दिला की एकत्र कुटुंबाच्या पैशातून शिकून आयसीएस झालेल्या माणसाची कमाई कुटुंबाची. वकील-डॉक्टरांच्या नव्या पिढीला घाम फुटला असणार. मुकुंदराव जयकरांच्या पुढाकारानं १९३० साली कायदा झाला आणि विद्येची कमाई, खर्च कुणीही केलेला असो, शिकणाऱ्याची ठरली. कायद्यानं प्रश्न मिटला. घरात मिटला नाही. “तुला शिकवलं कुणी?” हे वाक्य ज्या घरात बोललं गेलं नाही असं धंदेवाईक घर मी पाहिलेलं नाही.

मुलींचं तर याहून उशिरा. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क दिला, केंद्रानं २००५ साली, आणि बाप हयात नसला तरी हा हक्क लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. मिळकतीचं झालं. पण मसाल्याच्या, लोणच्याच्या, फराळाच्या किती घराण्यांत मुळातलं ज्ञान आजीच्या हातात होतं आणि सही आजोबांची! आमच्या आजीला हळदीचा वास घेऊन पेवात पाणी झिरपलंय का हे सांगता येई. तिचं म्हणणं आजोबा ऐकून घेत आणि बाजारात जाऊन स्वतःचं म्हणून सांगत. फ्रिकरबाईंच्या पुस्तकाला सांगलीतूनच पुरवणी जोडता आली असती.

धंद्याच्या बाजूचा अभ्यास वयानं लहान आहे. अमेरिकेत सल्लागारांनी तो सुरू केला आणि १९७८ साली हार्वर्डमध्ये रेनाटो ताग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी कुटुंब, मालकी आणि धंदा अशी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं काढल्यावर त्याला चित्र मिळालं. कोण कुठल्या वर्तुळात उभा राहून बोलतोय हे कळलं की निम्मी भांडणं समजतात. त्यानंतर अर्थशास्त्रवाले आले. मालक आणि चालक एकच असेल तर देखरेखीचा खर्च वाचतो, असा त्यांचा हिशोब. त्यावर, बाप पोराला काढून टाकू शकत नाही, हा खर्च कोण धरणार, असा प्रतिवाद. २००७ साली दक्षिण स्पेनमधल्या ऑलिव्ह तेलाच्या घाण्यांचा अभ्यास झाला, तो मला या सगळ्यांत जास्त आवडतो. सहकारी संघात गेलं तर जोखीम कमी होते हे दिसत असूनही घराण्याच्या घाण्या बाहेर राहणं पसंत करत. त्यांना आपलं नाव आणि आपला शब्द राखायचा होता. जपानी घराण्यांनी मात्र निराळीच युक्ती काढली. लायक जावयाला किंवा पेढीवरच्या कारकुनाला मोठेपणी दत्तक घ्यायचं आणि गादी द्यायची. आपण आप्ताला जाणता समजतो. ते जाणत्यालाच आप्त करून घेतात.

याच शास्त्रातलं एक ‘सत्य’ मात्र जपून वापरावं. तिसऱ्या पिढीपर्यंत जेमतेम तेरा टक्के घराणी टिकतात, हे प्रत्येक व्यापारी परिषदेत पडद्यावर झळकतं. याचं मूळ जॉन वॉर्ड यांच्या १९८७ च्या पुस्तकात आहे, आणि ते इलिनॉय राज्यातल्या सुमारे २०० उत्पादक कंपन्यांच्या अभ्यासापुरतं आहे. तिथून ते सांगलीच्या अडत्याला कसं लागू झालं? एकानं सांगितलं, दुसऱ्यानं ऐकलं, तिसऱ्यानं छापलं. शब्दप्रमाण इतक्या सहज फिरतं.

आपल्याकडे धनंजयराव गाडगीळांनी १९५९ साली भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमाचा शोध घेतला, टिंबर्ग यांनी १९७८ मध्ये मारवाडी घराण्यांचा, आणि रितू बिर्ला यांनी २००९ साली इंग्रजी कायद्यानं देशी व्यापाऱ्याची नात्यागोत्यातली पत कशी खासगी ठरवून बाजूला सारली ते दाखवलं. मराठीत किर्लोस्करवाडीपासून चितळ्यांपर्यंत घराण्यांच्या गौरवकथा भरपूर आहेत. त्यांत पैसा कसा आला ते असतं; घरात खरं कसं ठरत होतं ते शोधावं लागतं.

हे आत्ताच का? कारण पेढीच्या पायाखालची वहीच बदलली आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग राहिला पाहिजे असा नियम आहे. खोडून पुन्हा लिहिता येत नाही; म्हणजे लिहिता येतं, पण खोडलं होतं हे कायम दिसत राहतं. त्याच वर्षी सेबीनं नियम केला की सूचिबद्ध कंपनीच्या कारभारावर परिणाम करणारे घरातल्या घरात झालेले करार शेअर बाजाराला कळवावे लागतील. दिवाणखान्यात झालेली समजूत आता बातमी होते. ओलावा मोजणारं यंत्र तर आमच्या काकांनी कधीच आणलं होतं. आजोबांनी ते एकदा हातात घेऊन पाहिलं, एक हळकुंड मोडलं, आणि यंत्राचा आकडा बरोबर आहे असं प्रमाणपत्र यंत्राला दिलं.

या पुस्तकातले लेखक वेगवेगळ्या पेशांतले आहेत. सनदी लेखापाल आहेत, दर्शनशास्त्राच्या अध्यापिका आहेत, वाटण्या करून देणारे वकील आहेत, आणि धंदा सोडून शिकायला गेलेली मुलंही आहेत. त्यांच्यात एकमत नाही आणि संपादकांनी ते ओढूनताणून आणलेलंही नाही. एकच शिस्त सर्वांनी पाळली आहे: घरातल्या प्रत्येक ठाम वाक्यापाशी थांबून, ते कुणाला, कशामुळे ठाऊक होतं, हे विचारायचं. यश कसं मिळवावं याचा एकही सल्ला इथे नाही. ज्यांना तो हवा त्यांच्यासाठी विमानतळांवर पुस्तकं मिळतात. माझ्या दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे, मुनीम आणि दिवाणजी या पुस्तकात पाहुण्यासारखे येतात. सगळं ठाऊक असणारा, पण आप्त नसलेला हा माणूस खरं तर मधोमध बसायला हवा होता. दुसरी, वडीलधाऱ्यांकडे बघताना काही लेखक फार हळवे झाले आहेत. ‘मी सांगतो म्हणून’ या वाक्यानं किती तरुण माणसं आयुष्यभर गप्प बसली त्याचा हिशोब अजून कुणी मांडलेला नाही.

ही प्रस्तावना लिहीत असताना चुलतभावाचा फोन आला. काकांच्या माळ्यावर लाल फडक्यात आजोबांची खिशातली टिपणवही सापडली. त्यानं एका पानाचा फोटो पाठवला. आजोबा टिपणं मोडीत लिहीत आणि आमच्या घरात मोडी वाचता येणारं आता कुणी नाही. एक ओळ नावाची वाटते, तिच्यात ‘दि’सारखं काहीतरी आहे, ते दिग्रज असेल, किंवा दिवाळी, किंवा एखादा दिनकर. पुढचा आकडा मात्र वाचता येतो. तो १,२०० आहे. तारीख नाही. मी तो फोटो मोडी शिकलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीला पाठवला आहे. वडील असते तर त्यांनी बहुधा विचारलं असतं, “आता ते कशाला?” काकांना मी अजून सांगितलेलं नाही.